फळीमुन्शींची जावा

बारा मे, सकाळचे साडेसात. धानोऱ्यातले आमचे अंगण. समोर चारशे वीस तेंदूपाने, ताजी. हजर माणसे तीन : मी, माझी मुलगी प्राची आणि शेजारचे वासुदेवभाऊ. विषय, जावा.

जावा ही कॉम्प्युटरची भाषा. प्राची गडचिरोलीला पॉलिटेक्निकला आहे आणि या विषयात ती दोनदा नापास झाली होती. हिवाळ्यातली परीक्षा तिसरी. तीही गेली असती तर वर्ष वाया जाणार होते. गडचिरोलीत शिकवणी मिळते, पण कॉलेजच्या येण्याजाण्यातच अडीच तास मोडतात, वर शिकवणीला वेळ उरत नाही. वासुदेवभाऊंचे घर आमच्या फाटकापासून बावीस पावलांवर आहे.

भाऊ एकतीस हंगाम फळीमुन्शी होते. जंगलातून तोडून आणलेल्या तेंदूपानांचे पुडे गावाबाहेर ज्या जागी मांडतात ती फळी, आणि ते मोजून वहीत लिहितो तो मुन्शी. भाऊंचे शिक्षण सातवी. लग्न केले नाही. त्यांचा भाचा कॉलेज अर्धवट सोडून पुण्याला गेला, तेव्हा जुना लॅपटॉप आणि जावाचे इंग्रजी पुस्तक यांच्याकडे टाकून गेला. भाऊंनी डिक्शनरी शेजारी ठेवून ते पुस्तक चौदा महिन्यांत वाचले. पाने सहाशे बारा. कशासाठी, असे मी विचारले तर म्हणाले, "पडून होतं ना."

तेव्हापासून त्यांच्या बोलण्याचे काही खरे राहिले नाही. बाजारात टमाटेवाली म्हणाली, "घ्या भाऊ, सारे सारखेच आहेत." भाऊंनी एकेक उलटून पाहिला. "क्लास एक आहे बाई, ऑब्जेक्ट अलग अलग आहेत. हा पाह्य, सडून राह्यला." समोरच्या घरी नातू झाला, तर बाळाकडे बघून म्हणाले, "नाक बापाचं उचललं. रडणं ओव्हरराइड केलं, सोताचंच आहे." बाळाच्या आजीला वाटले, काही दोष सांगत आहेत. तिने मीठ-मोहरी ओवाळली. वय विचारले की ठरलेले उत्तर, "ते प्रायव्हेट आहे."

त्या दिवशी अंगणात बसून त्यांनी मोजून सत्तर पाने घेतली, पुडा बांधला आणि प्राचीच्या हातात दिला.

"पुडा कसा बांधाचा, हे माह्या डोक्यात आहे. ते क्लास. तुह्या हातात आहे ते ऑब्जेक्ट. समजलं? डोक्यातला पुडा कोणी गाडीत भरून नेत नाई."

प्राची दोरी सोडून पाने मोजायला लागली. भाऊ ओरडले, "सोडू नको! कोण बांधन मंग? पुड्यालेच विचार, तुह्यात पानं किती. आतल्या पानाले हात लावाचा नाई. हे एन्कॅप्सुलेशन."

"आबाजी, पुडा बोलते का?"

"जावात बोलते. फळीवर मुन्शी बोलते."

प्राची हसली. या विषयाच्या नावाने ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

सहा महिने शिकवणी चालली. पुडा, गठ्ठा, बोरा, सगळ्यांचे क्लास झाले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. शंभर पुडे मोजायचा प्रोग्राम असला की भाऊ एकशे चारपर्यंत मोजत. फळीवर शंभर पुड्यांमागे चार वरचे घ्यायची रीत आहे. फाटकी पाने निघतात, त्यांची ती भरती. मला वाटले, जावातही तशीच रीत असेल.

प्रॅक्टिकलला प्रश्न आला : विद्यार्थी नावाचा क्लास लिहा, शंभर ऑब्जेक्ट तयार करा, क्रमांक छापा. प्राचीने छापले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्क्रीन वर सरकवली.

"हे चार विद्यार्थी कोण?"

"भरतीचे आहेत, सर."

घरी येऊन ती अंथरुणात तोंड घालून रडली. "गेला बाबा पेपर." मी भाऊंना जे झाले ते सांगितले, जरा तुटकच सांगितले. त्यांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "एकतीस वर्सं शंभराले शंभर म्हटलंच नाई मी. पोरीले काऊन शिकवलं?" त्यांनी दारही लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते घरी नव्हते. सकाळी सहाच्या एस.टी.ने गडचिरोलीला गेले होते. पॉलिटेक्निकच्या फाटकाशी चार तास उभे राहिले आणि परीक्षक बाहेर येताच हात जोडून म्हणाले, "साहेब, ते वरचे चार माहे आहेत. मार्क कापाचे असन तं माहे कापा."

परीक्षकांना आधी काही उलगडेना. उलगडले तेव्हा ते हसले. बाकी प्रोग्राम बरोबर होता, तोंडी उत्तरे चांगली होती, मुलीला त्यांनी कालच पास केले होते. मग त्यांनी भाऊंना समोरच्या टपरीवर नेले.

हे सगळे भाऊंनी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगितले. प्राची आत आईला पास झाल्याचे पाचव्यांदा सांगत होती. भाऊंनी पांढरा सदरा घातलेला, केस पाणी लावून बसवलेले.

"त्यायनं मले प्रश्न विचारले. कन्स्ट्रक्टर म्हणजे काय. इनहेरिटन्स काऊन लागते. सात विचारले. साती आले."

"वा!" मी म्हणालो.

भाऊ म्हणाले, "सातवीची परीक्षा झाली, त्याच्यानंतर मले कोणी प्रश्नच विचारला नाई. साऱ्यायनं हिशेब मांगला."

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले, एकेक प्रश्न, एकेक उत्तर. त्यांनी सांगितले. दोन चहा झाले होते, वीस रुपये. भाऊ खिशात हात घालत होते, पण परीक्षक सरांनी घालू दिला नाही. वीसही रुपये टपरीवालीला सरांनीच दिले.