लवंगीच्या कोटाच्या बटणांची मोहीम

सकळ सुज्ञ, घरसंसारी, लेकरांच्या नाकातोंडाची खबर बाळगणाऱ्या वाचकमंडळींचे हुजुरास लेखणीचा मुजरा. आपण कृपाळू होऊन फर्माविले कीं, चार वर्षांच्या पोरीच्या कोटापायी अवघे घर कैसे जेर जाहले, कोण लढले, कोण नुसतेच बोलले, आणि यश कोणाच्या नावे लागले, तें साद्यंत कळवावें. सबब जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ हात राखून घालोन, लिहिले असे.

मोहिमेचे कारण ऐसे कीं, बालवाडीच्या मोठ्या बाई यांनी तमाम पालकांस सभागृहात पाचारण केले. बाई बहुत मातब्बर; गळ्यात चष्मा, हातात ध्वनिक्षेपक, आणि बोलण्यास धरबंद नाही. त्यांनी फर्मान सोडले कीं, पोरांच्या बुद्धीचा पाया घरात, आणि घराचा पाया आईत. आईने पोराशी बोलावे, गावे, खेळावे, मोजावे, मापावे, कधी रागावू नये, कधी दमू नये, आणि कामावरून परतल्यावर मुखावर हसू ठेवावे. पोर हुशार निघाले तर ते शाळेचे वळण, आणि न निघाले तर ते आईचे दुर्लक्ष, ऐसा वाटणीचा तह बाईंनी एकटीनेच करोन टाकला. मग टाळ्यांचा ऐसा कडकडाट जाहला कीं खिडक्यांची तावदाने हादरली. टाळ्यांत बापांचा जोर विशेष होता, कारण त्यांच्या वाट्याला दुसरे काहीच आले नव्हते.

मग बाईंनी दुसरे फर्मान वाचले. थंडी सरण्यापूर्वी परीक्षा होईल, आणि ज्या पोरास आपल्या कोटाची बटणे आपली आपण लावता येणार नाहीत, ते वरच्या वर्गात न जाता दुपट्यातल्या बाळांच्या वर्गात धाडिले जाईल. हे ऐकोन मागल्या रांगेत बसलेली लवंगीची आई मनी चरकली. ही बाई केस कापण्याच्या दुकानी चाकर. दिवसभर परक्यांची डोकी सरळ धरणे हा तिचा हुद्दा, आणि घरचे एकही डोके तिचे ऐकत नसे.

लवंगी म्हणजे तिची कन्या. आकाराने लहान, आवाजाने मोठी, सबब नाव पडले तें योग्यच. तिला बाळांच्या वर्गाचे भय भारी. तेथील बाळे चावत, आणि दुपारी सर्वांस सक्तीने निजवीत. "मी चावऱ्यांच्यात नाही बसणार!" ऐसे तिने जाहीर केले, आणि कोटासकट पलंगाखाली शिरली.

आता कोट म्हणजे काय, तो एक डोंगरी किल्लाच! मावसबहिणीच्या अंगचा उतरलेला, चांगला ढगळ, लोकर जाड, बटणे बिस्किटाएवढी आणि काजे कंजूष. त्यात घरचा दस्तूर ऐसा कीं, सकाळी ज्याचा हात मोकळा त्याने पोरीला हात लावावा. एकाने बाही ओढावी, दुसऱ्याने बटण लावावे, तिसऱ्याने तोंड पुसावे, आणि पोरीने सरदारासारखे हात पसरोन उभे राहावे. जन्मापासोन तिच्या बोटांची आणि बटणाची समोरासमोर गाठ म्हणून पडली नव्हती.

लवंगीचे बाबा विमा कचेरीतले कारकून, पण बालसंगोपनात खासे पंडित. फोनवर मोठमोठ्या तज्ज्ञांची व्याख्याने ऐकत, आणि ऐकलेले लगोलग बायकोस पोहोचते करीत, जेणेकरोन स्वतःजवळ काही शिल्लक राहू नये. ते लवंगीपुढे उकिडवे बसले, आणि तिच्या पायात मोजा चढवीत चढवीत बायकोस उपदेश करते जाहले:

"तू ना, तिला स्वावलंबी कर. आईच्याच हातात असतं सगळं."

"बरं. मग तो मोजा सोडा."

"अगं, उशीर होतोय म्हणून घालतोय."

"उशीर रोजच होतो. स्वावलंबनाला काय सुट्टीचाच दिवस लागतो?"

ऐसा जाबसाल जाहला, आणि दुसराही मोजा बाबांनीच चढविला.

मग आईने मसलत करोन हुकूम जारी केला कीं, उद्यापासोन तमाम मोठ्यांचे हात कैद. बाबांचे हात खिशात, आजींचे हात शालीखाली, आणि खासा आपले पाठीमागे. आजी म्हणजे बाबांच्या मातोश्री. "लहान आहे गं ती, लाव की तू," हे त्यांचे नित्याचे स्तोत्र. त्या भर थंडीत स्वेटर उघडा टाकोन बसत, आणि विचारले तर "मला उकडतं" म्हणत.

पहिल्या दिवशी घनघोर रण माजले. लवंगीने वरचे बटण तिसऱ्या काजात घातले, त्याखालचे कोणत्याच नाही, मग हनुवटी छातीत रुतवोन आरोळी दिली, आणि मग कोट जमिनीवर, कोटावर लवंगी, आणि शेजाऱ्यांनी भिंत धपाधपा ठोकली. आईचे पाठीमागचे हात एकमेकांस ओरबाडत होते. दुकानी पोहोचण्यास उशीर जाहला, आणि मालकिणीने कात्रीहून धारदार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी तेंच, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून सरस.

मग एके सकाळी आई तोंड पुसत बाहेर येते तों कोट गळ्यापर्यंत बंद! तिला भरून आले. पण लवंगी छताकडे पाहात होती, आणि त्या पाहण्यावरोन आईस दगा उमजला. तिने थेट आजींवर मोर्चा नेला.

"आई, तुम्हीच लावलीत ना बटणं?"

"मी? अगं, माझी बोटं वळतात तरी का आता?"

"मला काही सांगू नका. सगळ्यांना सांगितलं होतं मी..."

"माझं मला बटण लागत नाही गं! कधीपासून नाही लागत. उकडतंय कसलं डोंबल, थंडी हाडात शिरते मेली!"

बोलून गेल्यावर आजींस आपल्याच जिभेचा राग आला. परंतु बोललेले परत घेता येईना, म्हणोन त्यांनी हात शालीबाहेर काढिले. सांध्यांवर गाठी आलेल्या, आल्याच्या कांड्यांसारख्या. ती बोटे आईच्या नजरेसमोर रोज होती, आणि एकदाही दिसली नव्हती. आई खाली वाकली, आणि शालीचे टोक नीट करीत राहिली.

दाराशी स्वावलंबनाचे पंडित फोनमध्ये मान घालोन उभे होते. "मीटिंग होती माझी," इतकेच वदले, आणि त्या गडबडीत जोडे उलटसुलट घालोन पळाले.

तों लवंगी स्टुलावर चढली. "थांब आजी, मी लावते," म्हणाली, आणि स्वेटरास भिडली.

"अगं, ते नाही, खालचं भोक."

"सांगू नको ना! गप बस."

आजी गप बसल्या. बोट पुढे करावे ऐसे बहुत वाटे, पण बोट ऐकेना. अवघ्या घरात हा एकच मुलूख ऐसा निघाला, जेथे मध्ये पडण्यास कोणाचे हात येऊ शकत नव्हते. आईनेही आपले आवरले. बटण निसटले, पुन्हा धरले, पुन्हा निसटले, आणि मग काजातून डोके काढोन बाहेर आले. "लागलं!" ऐसी आरोळी उठली, शेजाऱ्यांनी पुन्हा भिंत ठोकली, पण या खेपेस तिकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या दिवसापासोन आजींचा स्वेटर रोज सकाळी लवंगीने बंद करावा, आणि आजींनी गळ्यापर्यंत ऊब घेऊन मोठ्या डौलाने घरभर हिंडावे, ऐसा शिरस्ता पडला. आपला कोट मात्र लवंगी उघडाच घालोन शाळेस जाई.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाबांस कचेरीत निकडीचे काम निघाले, तें निघणारच होते. सभागृहात भिंतीशी माता, मध्ये पोरे, आणि समोर पेन घेऊन मोठ्या बाई. लवंगीची पाळी आली. तिने कोट अंगात घातला, खाली पाहिले, आणि थबकली. आजींच्या अंगावर जे उजवीकडे तें आपल्या अंगावर डावीकडे गेलेले, आणि बटण पाहू जाता हनुवटी आडवी. बोटे एकदा चालली, दोनदा चालली, आणि थांबली. बाईंनी पेन टेकविले. आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबोन धरिले, आणि पोर आता चावऱ्यांच्यात जाणार, हे मनी पक्के धरिले.

तों काय नवल वर्तले! लवंगीने कोट अंगातून काढला, खुर्चीच्या पाठीवर चढविला, समोर गुडघे टेकोन बसली, आणि खालपासोन वरपर्यंत एकेक बटण लावीत गेली. मग कोट उचलला, खालच्या घेरातून आत शिरली, आणि मध्येच अडकली. बाह्या लोंबत्या, शीर गायब. दोघी शिक्षिका धावल्या.

"कोणी हात नाही लावायचा!" कोटाच्या आतून दटावणी आली. "इथे खूप अंधार आहे. पण मी येतेय."

मग धडपड जाहली, मग एक हात आला, मग दुसरा, आणि मग केस पिंजारलेले, लालबुंद ऐसे लवंगीबाईसाहेबांचे मुखकमल किल्ल्याच्या तटावरोन प्रकटले.

"असा नसतो घालायचा कोट, बाळ," बाई वदल्या.

"पण लागलीत ना सगळी?"

बाईंनी चष्मा लावोन तपास केला. सगळी लागली होती, आणि ज्याची त्याच्या काजात.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. मी आजीची लावते. खुर्ची पण आजीसारखी गप बसते."

माता खदखदा हसल्या, आणि बाईंस वरच्या वर्गात नाव घालण्यावाचोन तरणोपाय उरला नाही. परंतु बाई पराभवासही हार घालणाऱ्या. त्यांनी ध्वनिक्षेपक उचलोन तत्काळ जाहीर केले कीं, हे आमच्या मातृमार्गदर्शनाचे फळ होय. सबब पुढे बुटाच्या लेस बांधण्याचे शिबिर होईल, आणि समस्त मातांनी कामावरून रजा घेऊन हजर राहावे.

लवंगीची आई उभी राहिली. "बाई, लेसचे बूट आमच्या घरी फक्त बाबांचे आहेत. त्यांनाच बोलवा की."

यावर ध्वनिक्षेपक एकाएकी नादुरुस्त जाहला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन लवंगीबाईसाहेब वरच्या वर्गात, खिडकीलगतच्या जागी, दाखल जाहल्या. यशाची नोंद ऐसी: शाळेच्या फलकावर मोठ्या बाईंची दूरदृष्टी झळकली, विमा कचेरीत बाबांनी स्वावलंबनावर भाषण दिले, आणि तेथेही टाळ्या पडल्या. आई दुकानी गेली, आणि उशीर जाहला म्हणोन बोलणी खाल्ली. घरी आल्यावर तिने आजींस विचारले कीं, आई, तुम्ही तिला शिकवलंत तरी कसं?

"मी कुठे काय शिकवलं?" आजी म्हणाल्या. "मी नुसती बसले होते."

हे वर्तमान खरे. बहुत काय लिहावे.