जॅगरीची भावकी

पंचाण्णव सालच्या मे महिन्यात जयराज वडिलांबरोबर कुंडलहून सांगलीला पूजाला पाहायला आला आणि तासाभरात सगळं जमत आलं. देवकं वेगळी होती, आणि पूजाने त्याच्याकडे दोनदा पाहिलं होतं. पहिल्या वेळी तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं असण्याची शक्यता होती; दुसऱ्या वेळेबद्दल त्याची खात्री होती.

अडचण एकच होती. जयराज साखर कारखान्यात केमिस्ट होता आणि पूजाचे वडील नानासो तीन पिढ्यांचे गुळाचे व्यापारी.

"साखरंनं आमचं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं," नानासो म्हणाले. "त्याच घरात लेक दिली तर पेठेत काय तोंड दाखवू?"

खिडकीतून जयराजला खालच्या दुकानाची नवी इंग्रजी पाटी दिसली : 'जॅगरी मर्चंट'. त्याला शब्दकोशात वाचलेलं आठवलं.

"मामा, शुगर आणि जॅगरी मुळात एकच. संस्कृतातली शर्करा. ती इराणातून अरबांकडे, तिथून युरोपात गेली, तिची शुगर झाली. इकडे दक्षिणेत राहिली ती पोर्तुगीजांनी उचलली, तिची झाली जॅगरी. सख्ख्या बहिणी आहेत."

नानासोंनी खिडकीतून वाकून पाटी पुन्हा वाचली. जयराजला वाटलं, पटलं.

"म्हंजे कूळ एक."

"अगदी."

"म्हंजे भावकी." नानासो जयराजच्या वडिलांकडे वळले. "आवं नाथाजी, भावकीत सोयरीक कशी करायची?"

नाथाजी गोंधळले. "पर देवक तर येगळं हाय."

"माणसांचं येगळं हाय. धंद्याचं एकच निघालं. तुमच्याच पोरानं काढलं."

"पण ते शब्द वेगळे होऊन हजारभर वर्षं झाली," जयराज म्हणाला.

"भावकी लांब ऱ्हायला गेली म्हणून तुटती व्हय?"

"मामा, शब्दांचं नातं माणसांना लागत नाही."

"मग सख्ख्या बहिणी कोण म्हणालं?"

नाथाजींनी निघायच्या बेताने मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि मुलाकडे पाहिलं. "काय नडलं हुतं रं?"

तेवढ्यात पूजा चहा घेऊन आली. तिने वडिलांना विचारलं, "तात्या, आपण घरात जॅगरी कवा म्हणतो का?"

"न्हाई. गूळ म्हणतो."

तिने जयराजला विचारलं, "गूळ कुठनं आला?"

"गुड. तोही संस्कृतच, पण मूळ वेगळं. शर्करेशी काही संबंध नाही."

नानासोंनी सुटकेचा श्वास टाकला आणि खिडकीतून हमालाला हाक मारली. "कोंडीबा, ती इंग्रजी पाटी आजच उतरीव. लग्नात कुणी वाचली तर घोटाळा व्हायचा."

नाथाजींनी टोपी काढून पुन्हा मांडीवर ठेवली. जयराजने चहाचा घोट घेतला. चहा साखरेचा होता. त्याने बोलायला तोंड उघडलं.

पूजाने त्याच्याकडे तिसऱ्यांदा पाहिलं. त्याने मुकाट्याने दुसरा घोट घेतला.