गोदामातला बोका

थोरले काका बोलले की "का?" विचारायचं नाही, हा घरातला नियम. धाकटीला तो दुधाच्या दातांबरोबरच मिळाला होता. दात पडले, नियम पडला नाही.

काकांनी सगळी नोकरी धान्याच्या गोदामात काढली. ओल म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. निवृत्त झाल्यावर राखायला गोदाम उरलं नाही, म्हणून त्यांनी धाकटीचा बोका ताब्यात घेतला. त्याला फक्त कोरडे दाणे लावले आणि फरशी भिजू नये म्हणून पाण्याची वाटी नेऊन ठेवली न्हाणीघरात, त्याच्या शी-शूच्या ट्रेला खेटून. (स्वतः काका कधी संडासात बसून चहा प्यायल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.)

एका सकाळी बोका ट्रेमध्ये जाऊन बसला, कण्हला, एक थेंबही न गाळता बाहेर आला आणि पुन्हा आत शिरला.

"पोट साफ नाही," काकांनी निकाल दिला.

"त्याला लघवी होत नाहीये!"

"अगं, चहाच्या वेळी काय हे शब्द!" आई म्हणाली.

"एरंडेल पाजा. संध्याकाळपर्यंत बघू."

"तोवर तो जगेल का, काका?"

"बघ, विचारलास ना प्रश्न!" बाबा हळहळले. बोक्यासाठी नव्हे, नियमासाठी.

धाकटीने बोका टोपलीत घातला आणि तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी पोट चाचपलं. "मूत्राशय दगड झालंय. बोक्यांची वाट मुळातच अरुंद, त्यात हा खडा. संध्याकाळ दिसली नसती याला." नळी घातली, बोका ठेवून घेतला. "यापुढे ओलं खाणं, आणि पाणी ट्रेपासून लांब. इतका कोरडा कुणी ठेवला याला?"

"गोदामप्रमुखांनी."

बोका घरी आला, पण काका जागचे हलले नाहीत. "ओलं खाणं या घरात येणार नाही. उद्यापासून दाणे. विषय संपला." आई-बाबांच्या माना आपोआप डोलल्या.

"नाही," धाकटी म्हणाली.

"काय?"

"तो ओलंच खाईल. वाटी इथेच, बैठकीत राहील. आणि का, ते तुम्ही विचारायचं नाही."

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी पंख्याकडे. तेवढ्यात बोका उठला, काकांच्या रिकाम्या आरामखुर्चीत चढला आणि गादीवर ऐसपैस बसला. कुणी साधं "हुश" म्हणेना. घर इतकं गप्प झालं, की खुर्चीखाली पडणारा थेंबन् थेंब सगळ्यांना ऐकू आला.