दार ते फाटक

बाबा गेल्यावर घरात काय कोणी ठरवायचं, हा प्रश्न आठ महिने कोणी काढला नव्हता. पडदे धुऊन तेच परत लागले. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो गळतच राहिला. अडलं ते हॉटेलपाशी. नात सात वर्षांची झाली की तिला थीम पार्कला न्यायचं, असा शब्द बाबांनी दिला होता आणि नात पुढच्याच महिन्यात सात वर्षांची होत होती. शब्द देणारा गेला म्हणून शब्द जात नाही, हे तिचं सगळ्यांना दोनदा सांगून झालं होतं.

जायचं नक्की होतं. उतरायचं कुठे, पार्कच्या आतल्या हॉटेलात की बाहेरच्या, यावर मात्र घराचे दोन तुकडे पडले.

थोरली मुलगी आतल्या हॉटेलच्या बाजूने होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा तिला पगार मिळे आणि सुट्टीच्या दिवशी ती तेच काम फुकट करी. धाकटा मुलगा बाहेरच्या हॉटेलच्या बाजूने होता. तो लिफ्ट तपासणीस होता. स्वतः चढून-उतरून बघितल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे.

"आत उतरलेल्यांना एक तास आधी सोडतात," थोरली म्हणाली. "आणि दुपारी आईचे गुडघे दुखायला लागले तर खोली चार पावलांवर."

"खोली? ताई, ते कपाट आहे. बाहेरच्या खोल्यांना खिडक्या बघ केवढ्या! शिवाय दर दहा मिनिटांनी बस."

"म्हणजे दर वेळी दहा मिनिटं उभं राहायचं."

"आणि आत राहून चोवीस तास ते पार्कचं गाणं ऐकायचं?"

"कानात बोळे घाल."

"तू घातलेच आहेस. तीन आठवडे मी हेच सांगतोय."

सून दंतवैद्याच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून ती घरी येई. "आता दोघंही मिटा," ती म्हणाली.

आई घड्या घालत बसली होती. तिने मान वर केली नाही. "कुठेही चला. पण सगळे एका छताखाली. आठ महिन्यांत मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेले नाही. आता निघायचं आणि अर्धे इथे, अर्धे तिथे, असं होणार असेल तर मी उलट पावली घरी येईन. आधीच सांगून ठेवते."

बाबांच्या वेळी असं काही होत नसे. बाबा जमीन मोजणी खात्यात होते. त्यांचं एक पाऊल बरोबर पंच्याहत्तर सेंटिमीटरचं होतं. ते खरंच तेवढं आहे ना, हे ते दर वर्षी टेप लावून तपासत. 'अवघ्या पाच मिनिटांच्या अंतरावर' असं जाहिरातीत दिसलं की विचारत, "कोणाची पाच मिनिटं?" कुठेही जायचं असलं की आधीच्या रविवारी ते एकटेच तिथे जाऊन येत. हॉटेलच्या दारापासून फाटकापर्यंत, नाहीतर समुद्रापर्यंत, नाहीतर स्टेशनापर्यंत पावलं मोजत, खिशातल्या वहीत आकडा लिहीत आणि घरी येऊन म्हणत, "मोजून आलो. ठरलं." कुठलं हॉटेल, ते विचारायचं नाही. दारात पोचल्यावर सगळ्यांचे चेहरे बघायला त्यांना आवडे.

तेव्हा रविवारी थोरली बाबांची वही घेऊन गेली आणि आतल्या हॉटेलच्या दारापासून पार्कच्या फाटकापर्यंत मोजून आली. शहाण्णव पावलं. तिने आईला सांगितलं, "आई, मोजून आले. ठरलं." आईने मान हलवली. सोमवारी धाकट्याची सुट्टी होती. तो बाहेरच्या हॉटेलपासून मोजून आला, एक हजार आठशे चाळीस. "आई, मोजून आलो. ठरलं." आईने पुन्हा मान हलवली. या वाक्याला मान हलवण्याची तिला चाळीस वर्षांची सवय होती.

दोघांनीही खोल्या घेऊन टाकल्या. घरातल्या नियमाप्रमाणे कोणी कोणाला काही विचारलं नाही. समोरचा गप्प आहे म्हणजे हरला, असं दोघांनीही धरलं. आणि हरलेल्याला डिवचू नये, एवढी सभ्यता दोघांतही होती. आठवडाभर घरात इतकी शांतता नांदली, की सुनेला वाटलं, बरं झालं, मोठी झाली दोघं.

निघताना गाड्या दोन होत्या. धाकट्याच्या गाडीची डिकी मोठी, म्हणून सगळं सामान त्याच्याकडे. नातीला आजीशेजारी बसायचं होतं, म्हणून आजी आणि नात थोरलीच्या गाडीत. साडेअकराच्या सुमारास थोरलीने फोन केला.

"पोचलात का रे?"

"केव्हाचे. दारात उभा आहे मी."

"मीपण दारातच आहे. दिसत नाहीस."

"हा काय, कारंज्यापाशी."

"कारंजं कुठलं? इथे राक्षसाचा पुतळा आहे."

"राक्षस?"

कारंजं आणि राक्षस यांच्यामध्ये सुमारे दीड किलोमीटर रस्ता होता. दोघांच्याही तो एकाच वेळी लक्षात आला.

"आत्या, आपण चुकलो का?" नातीने विचारलं.

"आपण नाही. तुझे पप्पा चुकले."

"पप्पा म्हणतील, आत्या चुकली."

"म्हणू दे."

स्वागतकक्षातल्या खुर्चीत आई पर्स मांडीवर धरून बसली होती. "बॅगा?"

"त्याच्याकडे."

"माझ्या गोळ्या?"

"त्याच्याकडे."

"मग आपल्याकडे काय आहे?"

"खोली आहे."

"वा!" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "मी मान हलवली ती तुम्ही मोजून आलात म्हणून. मला वाटलं, एकमेकांशी बोलला असाल."

"आम्ही कधी बोलतो, आई?"

"तेही खरंच. मग मला संध्याकाळच्या गाडीत बसवून दे. पोरीला पार्क दाखवा. मी येऊन तुम्हाला अडचण नको."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर थोरलीने वाद घातला असता. पण आईने ते, वाण्याला 'साखर नको आज' म्हणावं, इतक्या साधेपणाने म्हटलं. थोरली उठली आणि काउंटरवर गेली. बारा वाजायच्या आत खोल्या सोडल्या तर काही कापणार नव्हते. तिने किल्ल्या परत दिल्या. धाकट्याला फोन करावा, असं तिच्या मनात आलं होतं. पण फोन केला तर तो भांडेल, समोर जाऊन उभं राहिलं तर गप्प बसेल, असा विचार करून तिने गाडी तिथेच ठेवली आणि तिघी बसमध्ये चढल्या. बाहेरच्या हॉटेलात गाडी लावायला जागा मिळत नाही, हा तिचाच तीन आठवड्यांचा मुद्दा होता. आता तो खोटा पाडून कसं चालेल?

आई नेहमीच्या सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली आणि पहिल्या वळणापर्यंत तिची त्याच्याशी ओळखही झाली.

अर्ध्या वाटेवर समोरून तशीच दुसरी बस आली.

"पप्पा!" नात ओरडली. "आणि आई! आणि आपल्या बॅगा!"

समोरच्या बसच्या खिडकीत मोठी बॅग मांडीवर घेतलेला धाकटा क्षणभर दिसला आणि उलट दिशेला निघून गेला. बस सोयीची, हा त्याचा मुद्दा होता, म्हणून त्यानेही गाडी काढली नव्हती. लगेच थोरलीचा फोन वाजला.

"ताई, कुठे चाललीस तू?"

"तुमच्याकडे. तू कुठे?"

"तुमच्याकडे! मी माघार घेतली ना."

"माघार मी घेतली."

"तू? आयुष्यात कधी घेतली होतीस?"

"आज पहिल्यांदा. बघ काय झालं ते." मग तिचा आवाज उतरला. "खोल्या ठेवल्या आहेस ना?"

"सोडल्या. फोन केला तर तू भांडशील म्हणून म्हटलं, सरळ जाऊन उभं राहावं. तुझ्या?"

"त्याही सोडल्या," थोरली म्हणाली. आईने तोवर हात वर करून घंटीची दोरी ओढली होती.

मधल्या थांब्यावर तिघी उतरल्या. दहा मिनिटांनी पलीकडच्या बाजूने सून, धाकटा आणि पाच बॅगा रस्ता ओलांडून आल्या. थांब्याला पत्र्याचं छप्पर होतं, खाली एक बाक.

"चला," सून म्हणाली, "आईंच्या मनासारखं झालं. सगळे एका छताखाली."

दोन्ही हॉटेलांना फोन झाले. आतल्या खोल्या कुठल्याशा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी घेतल्या होत्या, बाहेरच्या एका बँडच्या वादकांनी. आता आधी माघार कोणी घेतली, हे ठरवणं एवढंच राहिलं होतं.

"मी अकरा पन्नासला किल्ल्या दिल्या," थोरली म्हणाली.

"मी अकरा पंचेचाळीसला."

"पावती दाखव."

"पावती बॅगेत आहे."

"कुठल्या?"

"खालच्या."

"मग काढ."

धाकट्याने खरंच वरच्या चार बॅगा उतरवायला घेतल्या. त्या उतरवल्या, पाचवी उघडली, तिच्यातून पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि आईच्या गोळ्या बाकावर आल्या. पावती आली तेव्हा नात म्हणाली, "आजी कुठे आहे?"

बाकावर आई नव्हती. तिची पर्सही नव्हती.

"इथेच तर होती," धाकटा म्हणाला.

"कधी?"

"तू पावती दे म्हणालीस तेव्हा."

"मी दाखव म्हणाले!"

"ताई, आत्ता नको!"

तो एका दिशेला पळाला, थोरली दुसऱ्या. तिने आईला फोन लावला, तो गोळ्यांच्या डब्याशेजारी बाकावरच वाजला. रस्त्यावर पार्ककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती आणि प्रत्येक खिडकीत कोणीतरी कोणालातरी काहीतरी समजावून सांगत होतं. आईला परतीची बस कुठून सुटते ते माहीत होतं. तिने येतानाच विचारून घेतलं होतं. आठ महिन्यांनी तिला घराबाहेर काढलं आणि एका तासात घालवली, असं थोरलीच्या मनात आलं. पुढचं मनात येऊ नये म्हणून ती मोठमोठ्याने हाका मारू लागली.

"ओरडताय कशाला एवढं?"

थांब्याच्या मागेच एक पिवळं फाटक होतं. सगळे मघापासून त्याच्याकडे पाठ करून उभे असल्यामुळे ते कोणाला दिसलं नव्हतं. त्यातून आई बाहेर आली. हातात दोन किल्ल्या होत्या.

"आतपर्यंत आवाज येतोय. मालकीणबाई विचारत होत्या, ही मुलं तुमचीच का. मी म्हटलं, बघून सांगते." तिने एक किल्ली सुनेला दिली. "दोन खोल्या आहेत. मधे दार आहे, ते उघडतं. नळ सोडून बघितला, गरम पाणी येतं. दारात बसथांबा. चला, सामान उचला."

"पण आई, तुला हे कसं कळलं?" धाकटा अजून धापा टाकत होता.

"ड्रायव्हरला विचारलं. तुझी आई आली की तिला कुठे उतरवतोस म्हणून. तो म्हणाला, मधल्या थांब्यामागे, पिवळं फाटक."

"ड्रायव्हरला विचारून हॉटेल ठरवलंस?"

"नेहमी असंच ठरवते. पूर्वी फोनवर विचारायची. जो फोन उचलेल त्याला म्हणायचं, तुमची आई आली तर कुठे ठेवाल? जो पटकन सांगेल, त्याचं खरं. जो 'आमच्याकडेच' म्हणेल, त्याचा फोन ठेवून द्यायचा."

"ठरवायचे बाबा," थोरली म्हणाली.

"बाबा मोजायचे. ठरवायची मी. मी नाव सांगितलं, की ते जाऊन मोजून यायचे." आईने पर्स खांद्याला लावली. "दुसरं हॉटेल त्यांनी कधी मोजलंच नाही. कशाला मोजतील?"

"मग यावेळी आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं? ते विचारायचे. 'कुठलं मोजू?' म्हणायचे."

धाकट्याने पावती खिशात घातली आणि थोरली बाकावरचे टॉवेल गोळा करू लागली. सून मात्र पहिल्यांदाच कोणाला तोंड मिटायला सांगावं न लागल्याने बॅग उचलून पुढे झाली.

खोलीत गेल्यावर थोरलीने बाबांची वही काढली. आठ महिने ती तिच्याजवळ होती, रोज एकदा तरी ती उघडत असे. चुका काढण्याच्या नजरेने तिने एकही पान पाहिलं नव्हतं. आता तिने मागून पुढे सगळी पाहिली. पानागणिक एक गाव, एक हॉटेल, एक आकडा. कुठेही दुसरा आकडा नव्हता, खाडाखोड नव्हती.

जेवणं झाल्यावर पार्ककडे निघाले, तेव्हा तिने वही हातात घेतली. "मी मोजते."

"तुझी पावलं लहान आहेत. मी मोजतो."

"तू उड्या मारत चालतोस."

"मी पण मोजणार," नात म्हणाली.

"मोजा, मोजा," आई म्हणाली. "ठरल्यावर मोजायला काय जातंय?"

तिघं रांगेने निघाले. सून मागून येत होती. वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही. बोललं की आकडा चुकतो. नात दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा हट्टाने पिवळ्या फाटकापासून पुन्हा सुरुवात करून आली, त्यामुळे सगळ्यांना तिच्यासाठी थांबावं लागलं.

पार्कच्या फाटकाशी पोचल्यावर थोरलीने वहीतल्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं: दार ते फाटक, एक हजार चोपन्न.

"नऊशे बारा," धाकटा म्हणाला.

"दोन हजार," नात म्हणाली. "कदाचित तीन."

तिने तिन्ही आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे कोणाची पावलं ते लिहिलं. मग वर पाहिलं. फाटकाजवळच्या बाकावर, सावलीत, आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी थांब्यावर मघाचीच बस उभी होती आणि ड्रायव्हर तिला हात करत होता.

"आई, तुझा आकडा काय लिहू?"

"मी मोजत नाही," आई म्हणाली. "मी पोचते."