नम्र आणि शांत आवाजात

गजेंद्रची एक खोड अनुसयाबाईंना अजिबात सहन होत नव्हती. पोरगा घरातल्या माणसांशी बोलेनासा झाला होता आणि कपाटाच्या आरशाशी तासन्‌तास बोलत होता. सकाळी उठला की आरशाला नमस्कार करायचा, "मे आय कम इन सर" म्हणायचा आणि आपणच आपल्याला बसायला सांगायचा. प्यायला पाणी आण म्हटलं तर ऐकू जायचं नाही. पण आरशाने व्याजदराबद्दल काही विचारल्यासारखं वाटलं, की लगेच तोंड सुरू. बँकेने अजून घेतलंही नाही, तोच याला घरच्यांची ओळख पटेना, असं त्या लिंबायतच्या अख्ख्या गल्लीला सांगून चुकल्या होत्या.

बोलायला त्या बोलत, पण जीव त्यांचाही टांगणीला लागला होता. पारोळ्याकडून सुरतेला आल्यापासून घरातला प्रत्येक पुरुष कापडाच्या कारखान्यात लूमवर उभा राहिलेला. गजेंद्र पहिला बी.कॉम. एका सहकारी बँकेने त्याला क्लार्कच्या मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे जमलं नाही तर आपल्या शेजारच्या लूमवर त्याला लावायचं, असं त्याच्या बापाने, म्हणजे दगाने, शेठशी बोलूनही ठेवलं होतं. आणि ते मात्र होऊ द्यायचं नाही, हे अनुसयाबाईंनी ठरवलं होतं.

म्हणून गजेंद्र एक दिवस म्हणाला, "माय, तू साहेब हो, माले प्रश्न विचार," तेव्हा त्या नाही म्हणाल्या नाहीत. शाळा त्यांनी पाहिली ती दुसरीपर्यंत. पण माणसाला प्रश्न विचारून घाम फोडायला शाळा कशाला लागते? स्टुलावर बसून, पदर खोचून त्यांनी सुरुवात केली. कॅशियर जेवायला गेला आणि पेटी उघडी राहिली तर काय करशील? मॅनेजरची बायको रांग मोडून पुढे आली तर? बँकेत कॉम्प्युटर आला तर तू घरी बसशील का? गजेंद्र उत्तरं देत होता, त्या मान हलवत होत्या. भिंतीपलीकडे कारखान्याचे लूम खटाखट चालू होते आणि सगळं झकास चाललं होतं.

घोळ झाला तो लाईटच्या सुट्टीच्या दिवशी. आठवड्यातून एकदा आपल्या भागातले कारखाने बंद असतात, हे दोघांच्या डोक्यातच आलं नाही. अनुसयाबाईंनी विचारलं, समजा गिऱ्हाईक चिडलं, तुझ्या अंगावर ओरडलं, तर?

गजेंद्र ताठ उभा राहिला आणि रोजच्या सवयीने उत्तरला, "मी नम्र आणि शांत आवाजात त्यांची समजूत काढीन."

हे वाक्य गल्लीच्या टोकाला भाजीच्या गाडीपर्यंत गेलं. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. समोरच्या उषाबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या आणि बापलेकांची हाणामारी कुठे चालली आहे, म्हणून घरात शोधू लागल्या. बाप तर पलीकडे पांघरूण घेऊन झोपला होता.

तेव्हा अनुसयाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. लूमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेलं हे घर. इथे मीठ मागायचं तरी ओरडून. पोरगं जन्मल्यापासून याच आवाजात बोलत आलं. त्या एसीच्या गार खोलीत साहेब समोर हातभर अंतरावर बसणार आणि हा त्यांच्या टेबलावरचे कागद उडवणार.

त्यांनी फर्मान काढलं. मुलाखत होईपर्यंत घरात कोणीही आवाज चढवायचा नाही, त्यांनी स्वतःसुद्धा. सोपं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले आणि हळू बोललेलं कोणाला काही ऐकू येईना. आमटीत दोनदा मीठ पडलं, तिसऱ्या दिवशी पडलंच नाही. दगाला डबल पाळी आली, तो कारखान्यातच जेवून तिथेच आडवा होऊ लागला. हळू आवाजाचा सराव करायला गजेंद्रला जागा मिळेना. बागेत पोरांचा दंगा, देवळात भजन, वाचनालयात तर ओठ हलवले तरी शिपाई डोळे वटारी. अखेर एक शांत जागा सापडली, एवढंच त्याने आईला सांगितलं. ती जागा म्हणजे तापीकाठच्या स्मशानातलं बाकडं, हे सांगितलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी तो पांढरा शर्ट घालून तिथे बसला होता. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. गावाकडचे भटूभाऊ कोणाच्या तरी मातीला आले होते. त्यांनी त्याला पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि कसं काय, म्हणून विचारलं. आपण कशाला आलो ते सांगायची पोराला लाज वाटली. शिवाय आवाज शांत ठेवायचा होता.

"देवाच्या मनात असेल ते होईल, काका," तो हळूच म्हणाला. "मी मन घट्ट केलं आहे."

भटूभाऊंनी तिथूनच गल्लीकडे सायकल दामटली. दगा कोणाला घरी दिसला नव्हता. घर आठवडाभर कुजबुजत होतं. दगा गेला, असा हिशोब लागायला वेळ लागला नाही. अनुसयाबाईंच्या जाऊ इंदुबाई सगळ्यात आधी धावल्या आणि दारातच त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या.

इंदुबाईंचे वडील वर्षभर अंथरुणाला खिळलेले. तेच गेले, असं अनुसयाबाईंना वाटलं. जावेच्या पाठीवरून हात फिरवत, आपलं फर्मान आठवून, त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "रडू नको वं बाई. सुटले बिचारे. असल्या जगण्यात काय राम होता?"

इंदुबाईंचे हुंदके थांबले. नवऱ्याबद्दल असं बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पण बाकीच्यांना मात्र ती कुजबुज ऐकून पक्की खात्री पटली. अनुसयाबाईंचा आवाज बसला म्हणजे दुःख किती मोठं असेल! बायका भिंतीला टेकून बसल्या, कोणीतरी चूल विझवली, बाहेर पुरुष बांबूची चौकशी करू लागले.

तिकडे कारखान्यात निरोप पोचला. पण लूमच्या आवाजात निरोप बोलून देत नाहीत, हातांनी देतात. मिस्त्रीने दगाकडे पाहून त्याच्या घराच्या दिशेने बोट केलं, मग छातीवर हात ठेवला आणि पंजा वर उडवला, म्हणजे घरात कोणीतरी गेलं. दगा लूम चालू टाकून पळाला. केसांत धाग्यांचा पांढरा भुसा, तसाच गर्दीतून आत घुसला.

"कोण मरनं?" तो ओरडला.

दोन बायका उठून मागच्या दाराने गेल्या. इंदुबाईंनी एकदा दिराकडे पाहिलं, एकदा जावेकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

मग काय ते अनुसयाबाईंच्या ध्यानात आलं आणि फर्मान मोडलं. त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते लूम चालू असतानाही भाजीच्या गाडीपर्यंत गेलं. गर्दी पांगली. भटूभाऊ तर चपला न घालताच गेले. दगाला बिछान्यावर बसवून साखरपाणी दिलं. आपण जिवंत आहोत हे ऐकून त्याला एवढं हायसं वाटलं, की त्या दिवशी तो पाळीवर परत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई स्वतः बँकेत गेल्या. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या आणि दाराला कान लावला. एकेक पोरगा आत जाई, बाहेर येई, आवाज म्हणून नाही. गजेंद्र आत गेला. तरीही शांत. त्यांनी देवीचं नाव घेतलं. आणि तेवढ्यात दार हललं. आतून त्यांच्या पोराचा आवाज आला, लूमवरचा, पूर्ण. काऊंटरवरच्या बाईच्या हातून शिक्का पडला. अनुसयाबाईंनी डोळे मिटले. गेली नोकरी.

गजेंद्र हसत बाहेर आला. जिना उतरताना त्याने सगळं सांगितलं. मुलाखत घ्यायला बँकेचे चेअरमन स्वतः बसले होते. ते जुने लूमवाले शेठ, सारा जन्म खटखटाटात गेलेला, कान कधीच कामातून गेलेले. सकाळपासून शिकलेली पोरं येऊन त्यांच्यासमोर नम्रपणे पुटपुटत होती आणि शेठ लाजेखातर नुसती मान डोलवत होते. गजेंद्रने कमावलेल्या हळू आवाजात पहिलं उत्तर दिलं तेव्हा त्यांनी कंटाळून कानामागे हात धरला, "जरा मोटेथी बोल, भाई." मग तो लूमवरच्या आवाजात बोलला. शेठ खुर्चीत सरसावून बसले, आणखी दहा प्रश्न विचारले आणि शेजारच्या साहेबांना म्हणाले, याला घ्या, सकाळपासून हा एकटाच काहीतरी बोलला.

अनुसयाबाई पायरीवरच बसल्या. डोळ्यांना पदर लावला, मग पदराने पोराच्या कपाळावरचा घाम पुसला. रस्त्यावरचे लोक वळून पाहतील एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "स्मशानात बसून जित्या बापाले मारी टाकं, माले रांडव करी टाकं, तवय कुठे एक बहिरा माणूसनी तुले पसंत करं. चाल आते घर, आणि त्या आरशाले सांग, तुना साहेब भेटी गया."