बीमची नाडी

"बाबा, तुमचा बीम केसभर जरी वाकला, तरी ही पट्टी मला प्रयोगशाळेत बसल्या बसल्या सांगेल!" सूनबाईंनी छाती ठोकून सांगितलं.

सासरे जन्मभर गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, आणि बैठकीच्या छताखालचा बीम तर त्यांना थोरल्या मुलासारखा! त्यांनी त्या काळ्या रबरी पट्टीकडे असं पाहिलं, जणू कुणी मुलाची झडती घ्यायलाच आलंय.

"काय आहे हिच्यात?"

"रबरात कार्बनच्या नळ्या मिसळल्यात. केसाहून हजारो पट बारीक! एकमेकींचे हात धरून उभ्या असतात, म्हणून वीज आरपार जाते. रबर ताणलं की हात सुटतात आणि वीज अडखळते. किती अडखळली, त्यावरून ताण कळतो."

"माझा बीम तीस वर्षांत हललेला नाही."

"मग घाबरता कशाला?"

शिडीवर चढून सूनबाईंनी पट्टी चिकटवली, मोजमाप दूरवर पाठवणारी काडेपेटीएवढी डबी जोडली आणि त्या कामाला निघून गेल्या.

अकरा वाजता प्रयोगशाळेतल्या पडद्यावर सरळ, गरीब रेषा दिसायला हवी होती. रेषा उड्या मारत होती! एका तालात, न थकता! घरातला बीम मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा ताणला जात होता!

सूनबाईंनी घरी फोन लावला.

"बाबा, पट्टी नीट बसली आहे ना?"

पलीकडे सासरे खाकरले. "बसली आहे. अगदी घट्ट."

"मग बीम हलतोय!"

"काय?" सासरे गरजले. त्याबरोबर रेषेचा वेग वाढला.

"आईंना घ्या आणि आधी बाहेर पडा!"

"मी बांधलेल्या घरातून मी पळू?" वेग आणखी वाढला!

अग्निशमन दलाला फोन करून, मोबाइलवरच्या रेषेवर डोळे लावून सूनबाई रिक्षानं घरी पोहोचल्या, तेव्हा दारात लाल बंब उभा होता. रस्त्यावर सासूबाई हातात कढई घेऊन उभ्या होत्या. घर पडलं तरी भाजी वाचली पाहिजे, हा त्यांचा हिशोब. सासरे हाताची घडी घालून पायरीवर बसले होते.

दलाचे प्रमुख आतून बाहेर आले. "ताई, बीम ठणठणीत आहे. फक्त तुमची ती पट्टी काही सापडत नाही."

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या. एवढ्या उकाड्यात त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद!

"बाही वर करा," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी खाली मान घालून बाही वर केली. मनगटाला काळी पट्टी, वर काडेपेटीएवढी डबी.

"मला बघवेना," ते पुटपुटले. "माझ्या बीमला पट्टी? तो काय आजारी आहे? माझंच मनगट लचकलं होतं, म्हटलं निदान उपयोगी तरी पडेल..."

जवान हसू लागले. सूनबाईंना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तेवढ्यात त्यांची नजर मोबाइलवर गेली. एक मोठी लाट, तिच्या पाठीला लागून एक छोटी. पुन्हा मोठी, पुन्हा छोटी.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "ही तुमची नाडी आहे."

हसू थांबलं. सासऱ्यांनी मोबाइल दोन्ही तळव्यांवर घेतला. मग जवान टोप्या काढून भोवती वाकले.

"हे आत सारखं चालू असतं? मी झोपलो तरी?"

"सत्तर वर्षं, बाबा."

"एवढी वर्षं..." सासऱ्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आणि याला टेकू कुणी दिलाय?"



तेवढ्यात प्रमुखांनी मोबाइलवरच्या रेषेवर बोट टेकवलं. "इथे एक लाट गळाली का? ही बघा, इथेही."

खरंच. मधूनच एक ठोका चुकत होता. घाईत सूनबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. सासूबाईंनी कढई खाली ठेवली आणि नवऱ्याचा खांदा घट्ट धरला.

दवाखान्यात सासरे बंबातूनच गेले. डॉक्टरांनी आपल्या यंत्रावर तपासून मान हलवली. "वेळेवर आलात. गोळ्या सुरू करू, काळजीचं काही नाही." सासूबाई तेव्हा कुठे रडल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाई अहवाल भरायला बसल्या. 'चाचणीचा निष्कर्ष' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडखळलं. शेवटी त्यांनी खरं तेच लिहिलं: "बीम उत्तम. गवंड्याला दिवसातून दोन गोळ्या."