म्हातारी गार झाली

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात दिनकररावांनी ठरवलं, की ट्रॅक्टरची धुराची गळती आपल्याच हातानं काढायची. पाथरीच्या मिस्त्रीला विचारायचं तेवढं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे काय, की मिस्त्री हसतो, आणि त्याच्या हसण्याला हे भितात.)

ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याच्या हाताखालून आलेला. इंजिनाला सायलेन्सरचा पाईप जोडतात त्या सांध्यातलं पॅकिंग जळून गेलेलं. त्यामुळं धूर नळीतून वर जायच्या ऐवजी बाजूनं फुसकारे टाकायचा, आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातली ढोरं दावं तोडायची. पाच वर्षं दिनकररावांनी तिकडं काणाडोळा केला. त्या चैतात मात्र त्यांच्या कारभारणीनं, केशरबाईंनी, अंगणात बाजेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातल्या आणि ह्या गृहस्थांनी नेमका तिथंच ट्रॅक्टर चालू केला. कुरडया कोळशासारख्या झाल्या. "आता ह्या घरात एक तर ह्यो ट्रॅक्टर नांदंल, न्हाई तर मी!" असं म्हणून केशरबाई सेलूला भावाकडं निघून गेल्या.

त्याला बावीस दिवस झाले. घरात उरले दोघं, दिनकरराव आणि त्यांची आई धुरपताबाई. आईला ऐकू येत नव्हतं. 'भाजीत मीठ न्हाई' एवढं सांगायचं म्हणलं तरी आवाज चावडीपर्यंत जायचा, आणि तिथून कुणीतरी वाटीत मीठ घेऊन यायचा. म्हणून दिनकररावांनी बोलणंच सोडून दिलं. घर खायला उठायचं. ताटावर बसलं की 'अजून एक घ्या' म्हणणारं कुणी नव्हतं, आणि तेवढ्या एका वाक्यासाठी जीव तळमळायचा. पण पन्नाशीच्या बाप्यानं, मला बायकोवाचून करमत नाही, हे सांगावं तरी कुणाला? शेवटी ते गोठ्यात जाऊन ट्रॅक्टरशीच बोलू लागले. लाडानं त्याचं नावसुद्धा ठेवलं, म्हातारी. (हे नाव दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांना आणि एक ट्रॅक्टरला. पुढचा सगळा घोटाळा इथंच आहे.)

"काय म्हातारे, लय धूर सोडायलीस," असं म्हणत त्यांनी नटाला पाना लावला. इंजिन गार होऊ द्यावं लागतं, हे पहिल्या चटक्यानं शिकवलं. गार झाल्यावर एक नट निमूट सुटला. दुसरा गंजून बसलेला, त्याला रॉकेल पाजावं लागलं. तिसऱ्यानं मात्र दिनकररावांनाच फिरवलं. मग जुनं पॅकिंग खरवडून काढलं, पाईपाच्या तोंडाचा काजळीचा ठसा कागदावर घेतला आणि त्या मापानं नवं कापलं. पहिलं उलटं कापलं गेलं. दुसऱ्याची भोकं जमेनात. तिसरं बसलं, आणि दिवस बुडता बुडता त्यांनी ट्रॅक्टर चालू केला.

काय सांगावं! धूर सरळ नळीतून वर, आणि आवाज एवढा मऊ की त्यांना वाटलं बंदच पडला. डोळे भरून आले. पण बघायला कोण? आईला हाताला धरून गोठ्यात आणलं. आईनं ट्रॅक्टरकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं, आता चालू कर की."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला सूर्यभान सेलूला निघाला होता. दिनकररावांनी त्याला फाट्यावर गाठलं. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नाही, आणि 'ये' म्हणायची लाज.

"आमच्या घरच्यांला निरोप सांग. म्हणावं, म्हातारी गार झाली. आता राग सोडा."

सूर्यभाननं डोक्यावरची टोपी काढली. "कवा?"

"काल सांजच्याला."

"लय तरास झाला का हो?"

"दिवसभर! पर शेवटाला एकदम शांत झाली बघ."

"जवळ कोण होतं?"

"मीच की. ह्या हातानं केलं सगळं," दिनकरराव अभिमानानं म्हणाले. सूर्यभान दोन पावलं मागं सरला आणि घाईनं जीपमध्ये बसला.

दुपारी जीप परत आली ती रडण्याच्या आवाजासकट. केशरबाई तोंडावर पदर घेऊन उतरल्या, "आत्याबाई, मला न बोलताच गेलाव की वं!" म्हणून ओट्याकडं धावल्या आणि पहिला जो गळा सापडला त्याला मिठी मारून हंबरडा फोडला. तो गळा धुरपताबाईंचा होता. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. सुनेच्या माहेरी कुणीतरी गेलं असावं, असं समजून त्यांनीही मोठ्ठा सूर लावला. दोघी घटकाभर मनसोक्त रडल्या.

"कोण गेलं गं, बाई?" धुरपताबाईंनी डोळे पुसत विचारलं.

केशरबाईंनी मान वर केली आणि किंचाळल्या. "तुमीच!"

"आं?"

"तुमी गेलाव म्हणं!"

"मी कुठं जायलेय? सकाळपून हितंच हाय की."

पुढचं सांगण्यासारखं नाही. दिनकररावांनी 'म्हातारी' म्हणजे कोण ते गोठ्याकडं बोट दाखवून सांगितलं, त्यानं तर आगीत तेल पडलं. "आईला जित्तेपणी मारलाव अन् लोखंडाला लाडाचं नाव!" केशरबाईंनी धुरपताबाईंचं गाठोडं बांधलं. "चला आत्याबाई माझ्यासंगं. ह्या माणसाचा भरवसा न्हाई." सूर्यभानची जीप केव्हाच निघून गेली होती. म्हणजे फाट्यापर्यंत सोडायला ट्रॅक्टरच.

बायकोला आणायला दुरुस्त केलेला ट्रॅक्टर पहिल्याच खेपेला बायको आणि आई, दोघींना पोचवायला निघाला. त्यात तो आता आवाज करीत नव्हता. केशरबाई ट्रॉलीत बसून सासूच्या कानात ओरडत होत्या, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसलेल्या दिनकररावांना सगळं ऐकू येत होतं. "घरात एकलीच बोलायचे मी, आत्याबाई! भिंतीला सांगायचे! एकदा तरी म्हणावं माणसानं, ऱ्हा म्हणून! मी काय दगडाची हाव?"

दिनकररावांनी ट्रॅक्टर आणखी हळू केला. म्हणजे हिलाही करमत नव्हतं, तेही घरात आपण असताना!

फाट्यावर एसटी उभीच होती. केशरबाई खाली उतरल्या. धुरपताबाईंचा एक पाय अजून ट्रॉलीतच होता. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून दिनकररावांनी छाती भरून घेतली. (पाच वर्षं फुटक्या पाईपावर ओरडून ओरडून त्यांना हळू बोलायची सवयच उरली नव्हती.)

"अगं, जाऊ नगंस! तुझ्यावाचून मला करमत न्हाई!"

एसटीतल्या साऱ्या माना खिडक्यांतून बाहेर आल्या. कंडक्टरच्या हातात घंटीची दोरी तशीच राहिली. केशरबाई थबकल्या, त्यांचे कान लाल झाले. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत धुरपताबाईंनी पाय ट्रॉलीत परत घेतला. कित्येक वर्षांत एवढं स्वच्छ त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

"ऱ्हाते रे माझ्या लेकरा," त्या गहिवरून म्हणाल्या. "न्हाई जात तुला सोडून!"

केशरबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं. "आईचंच लेकरू शेवटी," असं पुटपुटून त्या एसटीत चढल्या. दिनकररावांनी 'आईला न्हाई, तुला' म्हणायला तोंड उघडलं, पण पन्नास डोळे त्या तोंडाकडं लागले होते. ते तसंच मिटलं. एसटी निघून गेली.

परतीच्या वाटेवर धुरपताबाई पुढं लेकाशेजारी मडगार्डवर बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या. मळ्याशी आल्यावर म्हणाल्या, "दिनकर, एक सांगू का? आता मला म्हणलास, तसं कवातरी तिला बी म्हणत जा. गुणाची हाय पोर. एका शब्दावर राहिली असती."